निवडलेला उजेड

माणसाच्या पचनमार्गाचे आतले अस्तर लालसर गुलाबी असते आणि त्यावर उमटणाऱ्या बहुतेक विकृतीही लालच असतात. जठराचा साधा दाह लाल, वेदनाशामक गोळ्यांनी पडलेले ओरखडे लाल, आणि कर्करोगाचा अगदी पहिला, नखाएवढा डागही लालच, फार तर भोवतालापेक्षा किंचित फिकट. लालातून लाल वेगळे काढण्याची ही अडचण पोटात डोकावू पाहणाऱ्या वैद्यकांना दोनशे वर्षे छळत आली, आणि त्यांतली बहुतेक वर्षे तिच्यावरचा उपाय एकच समजला जाई, तो म्हणजे आत अधिकाधिक उजेड नेणे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन-तीन दशकांत ही समजूत पालटली. पोटातले चित्र आकड्यांमध्ये उतरू लागले, त्या आकड्यांवर गणित करून चित्र अधिक बोलके करता येते हे ध्यानात आले, आणि पुढे तर पडणाऱ्या उजेडातला मोठा भाग मुद्दाम वगळल्यावर जे दिसते ते पूर्ण उजेडातही दिसत नाही, असे सिद्ध झाले. मिशिगन, टोकियो, चिबा आणि मुंबई अशा दूरदूरच्या ठिकाणी घडलेल्या या पालटाचे अखेरचे टोक धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेड्यासारख्या तालुक्याच्या गावातून पहाटे उपाशीपोटी निघणाऱ्या रुग्णापर्यंत येऊन पोहोचते, आणि या इतिहासाची खरी कसोटीही तिथेच लागते.

शरीराच्या नैसर्गिक द्वारातून नळी आत घालून अवयव आतून पाहण्याच्या तपासणीला अंतर्दर्शन किंवा एंडोस्कोपी म्हणतात. खानदेशात तिला सरसकट ‘दुर्बीण टाकणे’ असे म्हटले जाते, आणि तिच्या पूर्वजांकडे पाहता ते नाव चुकीचेही नाही. फ्रँकफुर्टचे वैद्य फिलिप बोझिनी यांनी १८०६ मध्ये जे प्रकाशवाहक उपकरण लोकांपुढे मांडले त्यात एक मेणबत्ती, एक आरसा आणि नळ्या एवढेच होते. पुढे फ्रायबुर्गच्या आडोल्फ कुसमाउल यांनी १८६८ मध्ये, तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या एका माणसाच्या अंगच्या कसबाचा आधार घेऊन, सरळ ताठ नळी जठरापर्यंत नेऊन दाखवली, परंतु नळी पोहोचली तरी उजेड पोहोचेना. म्युनिकचे रुडोल्फ शिंडलर यांनी कारागीर गेओर्ग वोल्फ यांच्या साह्याने १९३२ मध्ये जी अर्धलवचीक दुर्बीण घडवली, तिच्या खालच्या वाकणाऱ्या भागात भिंगांची लांब रांग होती आणि टोकाला छोटा विजेचा दिवा होता. १९३४ मध्ये शिंडलर जर्मनी सोडून शिकागोला गेले आणि त्यांच्याबरोबर ही विद्याही अमेरिकेत गेली. तरीही जठराचे काही कोपरे या दुर्बिणीला कायम आंधळेच राहिले, आणि जे दिसे ते पाहणाऱ्याच्या एका डोळ्यापुरते राही.

या मर्यादेतून सुटका झाली ती काचेच्या तंतूने, आणि त्या सुटकेत एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. पंजाबातील मोगा येथे १९२६ मध्ये जन्मलेले नरिंदरसिंग कपानी हे लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्या हाताखाली काम करीत होते; काचेच्या केसासारख्या बारीक तंतूंची जुडी बांधली आणि दोन्ही टोकांना तंतूंचा क्रम तोच राखला, तर जुडी वाकवली तरी एका टोकाचे चित्र दुसऱ्या टोकाला पोहोचते, हे या दोघांनी जानेवारी १९५४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. ते वाचून मिशिगन विद्यापीठातील तरुण जठरविकारतज्ज्ञ बेसिल हर्शोविट्झ लंडनला जाऊन त्यांना भेटले, आणि परतल्यावर विल्बर पीटर्स व लॅरी कर्टिस या सहकाऱ्यांसह त्यांनी हाच प्रश्न हाती घेतला. उघडे तंतू एकमेकांना टेकले की प्रकाश एकातून दुसऱ्यात झिरपे आणि चित्र विरून जाई. तेव्हा विद्यार्थिदशेत असलेल्या कर्टिस यांनी १९५६ च्या अखेरीस प्रत्येक तंतूभोवती वेगळ्या काचेचे कवच ओढून ही गळती थांबवली, आणि १९५७ च्या फेब्रुवारीत हर्शोविट्झ यांनी ती लवचीक दुर्बीण प्रथम स्वतःच्या घशाखाली उतरवली. कपानी यांना भारताने पद्मविभूषण दिले ते त्यांच्या मृत्यूनंतर, २०२१ मध्ये. ज्या तंतूंमुळे जगभरच्या लाखो माणसांचे पोट न फाडता पाहता आले, त्यांच्या जनकाची ही दखल फार उशिरा घेतली गेली असे म्हणणे भाग आहे.

तंतूंच्या दुर्बिणीतले चित्र मधमाशीच्या पोळ्यासारखे खणाखणांचे दिसे, एखादा तंतू तुटला की त्या जागी कायमचा काळा ठिपका येई, आणि वर्षानुवर्षे वापरलेल्या दुर्बिणीत असे ठिपके वाढत जात. त्याहून मोठी उणीव अशी की ते चित्र फक्त पाहता येई. त्यावर कोणतीही प्रक्रिया करता येत नसे. म्हणूनच चित्र सुधारण्याचे पहिले प्रयत्न दुर्बिणीवर झालेच नाहीत, ते थेट अस्तरावर झाले, आणि ते प्रामुख्याने जपानमध्ये झाले. जपानात जठराचा कर्करोग हा घराघरातला शत्रू होता, आणि त्याला त्याच्या कोवळ्या अवस्थेत गाठण्याची निकड जितकी त्या देशाला होती तितकी अन्यत्र कुठेच नव्हती. तात्सुरो उजी या शल्यविशारदाने ओलिंपस कंपनीच्या अभियंत्यांच्या मदतीने १९५० च्या सुमारास जठरात उतरणारा इवलासा कॅमेरा घडवला होता; तो छायाचित्रे घेई, पण ती घेतली जात असताना आत काय आहे हे वैद्याला दिसत नसे, फीत धुतल्यावरच ते कळे. हजारो माणसांची अशी छायाचित्रे पाहत, कापलेल्या जठरांशी ती ताडून बघत जपानी वैद्यांची एक पिढी घडली, आणि १९६२ मध्ये तेथील अंतर्दर्शन संस्थेने प्रारंभिक जठर-कर्करोगाचे उंच, सपाट आणि खोलगट असे वर्गीकरण निश्चित केले. त्यामुळे सपाट डाग हाही कर्करोग असू शकतो, ही गोष्ट जगाने तेथून शिकली.

सपाट डाग दिसावा कसा, या प्रश्नाचे उत्तर रंगात सापडले. अस्तरावर रंगद्रव्य फवारून तपासण्याच्या या पद्धतीला रंगांतर्दर्शन म्हणता येईल, आणि तिच्यातले प्रत्येक द्रव्य वेगळ्या रीतीने काम करते. निळीपासून काढलेले इंडिगो कार्माइन पेशींत शिरत नाही, ते फक्त अस्तराच्या बारीक खाचांमध्ये साचते, आणि पेरणीनंतरच्या शेतात सऱ्यांमध्ये पाणी साचले की वाफ्यांचे आकार जसे उठून दिसतात तसे अस्तराचे उंचसखलपण उघड करते. मिथिलीन ब्लू हे आतड्याच्या पेशी शोषून घेतात, म्हणून ते जठरात एखाद्या ठिकाणी शोषले गेले तर तिथले अस्तर आतड्यासारखे पालटले आहे असे समजते. अन्ननलिकेत वापरले जाणारे आयोडिनाचे द्रावण, जे पॅरिसचे झाँ ल्यूगॉल यांच्या नावाने ओळखले जाते, ते निरोगी पेशींतल्या ग्लायकोजन या साखरेच्या साठ्याशी संयोग पावून तपकिरी होते. कर्करोगाकडे झुकलेल्या पेशींत हा साठा उरत नाही, म्हणून तेवढा भाग पिवळट कोरा राहतो. हीच युक्ती व्हिएन्नाच्या वॉल्टर शिलर यांनी त्याआधी, १९३० च्या आसपास, गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी वापरली होती आणि अन्ननलिकेकडे ती तिथूनच आली.

इथे थोडे थांबून महाराष्ट्राकडे पाहणे आवश्यक आहे, कारण विकृत अस्तर द्रव्याने उघडे करण्याच्या या कल्पनेची जगातली सर्वांत मोठ्यांपैकी एक परीक्षा याच राज्यात झाली. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील सुरेंद्र शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांमध्ये बेताचे शिक्षण झालेल्या, पण नीट प्रशिक्षित केलेल्या आरोग्यसेविकांनी व्हिनेगरमधले ॲसिटिक आम्ल गर्भाशयमुखावर लावून, पांढरा पडणारा भाग नुसत्या डोळ्यांनी शोधला आणि दोन-दोन वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा शोधला. या तपासणीमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले असे २०१३ मध्ये जाहीर झाले. याउलट, उस्मानाबाद जिल्ह्यात झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात याच द्रव्याच्या एकाच फेरीने मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नव्हती. दोन अभ्यासांमध्ये अनेक फरक होते आणि त्यांची सरळ तुलना करणे योग्य नाही, तरी द्रव्य आणि डोळा यांची जोड एकदाच जुळवून भागत नाही, हे या दोन निष्कर्षांवरून जाणवते. आणि पोटातल्या दुर्बिणीच्या बाबतीतही पुढे हेच अनुभवास आले.

पोटात रंग फवारणे मात्र त्रासाचे होते. वेळ लागे, अस्तर आधी स्वच्छ धुवावे लागे, आणि आयोडिनाने तर छातीत जळजळ व कळा येत, ज्या शमवण्यासाठी शेवटी सोडियम थायोसल्फेटचा फवारा द्यावा लागे. गर्दीच्या रुग्णालयात प्रत्येक रुग्णाला हे करणे अशक्य होते. द्रव्याचे हे काम यंत्राकडून करवून घेता आले तर, हा विचार म्हणूनच स्वाभाविक होता, आणि त्याची वाट एका अगदी वेगळ्या प्रयोगशाळेत तयार होत होती. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर करणारी सिलिकॉनची चकती, म्हणजे सीसीडी, कल्पिली, जिच्यासाठी त्यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ही चकती पुढे इतकी लहान झाली की ती दुर्बिणीच्या टोकाशीच बसवता आली, आणि १९८३ मध्ये वेल्च ॲलिन या अमेरिकी कंपनीने तशी दुर्बीण बाजारात आणली. तंतूंची जुडी आता चित्र आणण्यासाठी लागेना, ती फक्त उजेड नेण्यासाठी उरली. वैद्याचा एक डोळा भिंगावरून उठला आणि खोलीतले सगळेजण, शिकणारे विद्यार्थी आणि परिचारिकाही, पडद्यावर एकच चित्र पाहू लागले.

या पालटाचे मर्म पडद्यात नव्हते, आकड्यांत होते. चित्र आता लाखो ठिपक्यांचे बनले होते आणि प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरव्या व निळ्या उजेडाचे तीन आकडे होते. आणि ज्याला आकडे आहेत त्यावर गणित चालते. सर्वांत पहिले आणि आजही सर्वांत जास्त वापरले जाणारे गणित कडा ठसठशीत करण्याचे आहे. त्यात मूळ चित्राची मुद्दाम पुसट केलेली प्रत तयार करतात, ती मूळ चित्रातून वजा करतात आणि जो फरक उरतो तो वाढवून मूळ चित्रात मिसळतात. जिथे रंग संथ बदलतो तिथे फरक शून्याच्या जवळ असतो, आणि जिथे तो अचानक बदलतो, म्हणजे सुरकुतीच्या किंवा व्रणाच्या काठाशी, तिथे तो मोठा असतो, म्हणून काठ तेवढे उठून दिसतात. छायाचित्रांच्या अंधाऱ्या खोलीत ही युक्ती कित्येक वर्षे आधीपासून वापरली जात होती. दुसरे गणित रक्ताचे होते. हिरव्या उजेडाला रक्तातले हिमोग्लोबिन जास्त शोषते आणि लाल उजेडाला फार कमी, म्हणून प्रत्येक ठिपक्यातल्या लाल आणि हिरव्या आकड्यांच्या गुणोत्तरावरून तिथे रक्त किती आहे याचा निर्देशांक काढता येतो, आणि ज्या ठिकाणी तो सरासरीहून जास्त आहे ते ठिकाण अधिक लाल व कमी आहे ते अधिक पांढरे रंगवता येते. हे दोन्ही उपाय उपयोगी होते, पण दोहोंचा तोटा एकच होता: जे गणित डागाची कड वाढवते ते चित्रातला गोंगाट, म्हणजे चकतीतूनच येणारे निरर्थक ठिपकेही वाढवते, आणि वाढवण्याची हाव सुटली की अस्तरावर नसलेली रचना पडद्यावर दिसू लागते. आकड्यांत मुळातच न आलेली माहिती कोणतेही गणित निर्माण करू शकत नाही. म्हणून माहिती गोळा करण्याच्या क्षणीच काही बदल करणे आवश्यक होते.

तो बदल ज्या ज्ञानावर उभा राहिला ते एकोणिसाव्या शतकातले होते. जर्मनीतल्या फेलिक्स होप-सायलर यांनी १८६२ मध्ये रक्तातून गेलेल्या प्रकाशात काळे पट्टे दिसतात हे दाखवले, इंग्लंडच्या जॉर्ज स्टोक्स यांनी त्या पट्ट्यांचा प्राणवायूशी संबंध जोडला, आणि स्वित्झर्लंडचे जाक-लुई सोरे यांनी १८८३ मध्ये जांभळ्या रंगाच्या काठाशी, सुमारे ४१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, शोषणाचा सर्वांत गडद पट्टा शोधला. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहालाखावा भाग. या ज्ञानाचा उपयोग तोपर्यंत रक्ताच्या परीक्षेपुरता होता. ओलिंपसचे अभियंते काझुहिरो गोनो यांनी टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांसह १९९० च्या दशकात अस्तराच्या रंगाचा अभ्यास करताना ते पोटात वापरण्याचा विचार मांडला. नेहमीच्या पांढऱ्या उजेडात निळ्या, हिरव्या आणि लाल प्रकाशाचे रुंद पट्टे असतात. त्यांपैकी लाल प्रकाश अस्तरात खोलवर शिरून परततो आणि चित्राला एक सर्वत्र सारखा गुलाबी धूसरपणा आणतो, तर निळा प्रकाश वरच्या थरातूनच परततो. मग दिव्यासमोर अशी गाळणी ठेवली की ४१५ आणि ५४० नॅनोमीटरभोवतीचे दोन अरुंद पट्टेच पुढे जातील आणि लाल पूर्णपणे अडेल, तर वरच्या थरातल्या केशवाहिन्या, म्हणजे केसाहूनही बारीक रक्तवाहिन्या, निळ्याला शोषून गडद दिसतील आणि भोवतालचे अस्तर उजळ राहील. या पद्धतीला अरुंद पट्ट्याचे प्रतिमांकन, किंवा इंग्रजी आद्याक्षरांवरून एनबीआय, म्हणतात. काशिवा येथील राष्ट्रीय कर्करोग केंद्राच्या पूर्व रुग्णालयात यासुशी सानो यांच्यासारख्या वैद्यांबरोबर १९९९ मध्ये तिच्या चाचण्या सुरू झाल्या आणि २००६ च्या सुमारास ती रुग्णालयांपर्यंत पोहोचली.

पडद्यावरचे रंग मात्र निसर्गाचे नसतात, नेमलेले असतात, ही गोष्ट या विद्येत फार महत्त्वाची आहे. ४१५ च्या पट्ट्यातून आलेले चित्र पडद्याच्या निळ्या आणि हिरव्या वाहिनीला दिले जाते व ५४० चे लाल वाहिनीला. त्यामुळे वरच्या केशवाहिन्या तपकिरी आणि त्यांखालच्या जाड शिरा निळसर हिरव्या दिसतात, आणि पांढऱ्या उजेडात जिथे नुसते गुलाबी मैदान होते तिथे जाळीदार नकाशा उमटतो. दुर्बिणीच्या मुठीवरचे एक बटण दाबले की हा पालट घडतो आणि पुन्हा दाबले की जुना रंग परततो. पित्त आणि मळ या उजेडात लालसर दिसत असल्याने, आतडे नीट साफ झालेले नसेल तर पडदा रक्तस्राव झाल्यासारखा भासतो. आणि उजेडाचा बराचसा भाग गाळून टाकल्यामुळे सुरुवातीच्या यंत्रांत जठरासारख्या ऐसपैस पोकळीतली लांबची भिंत अंधारात बुडे, म्हणून ही पद्धत अन्ननलिकेच्या अरुंद बोगद्यात आधी रुजली आणि जठरात नंतरच्या, अधिक प्रखर दिव्यांच्या यंत्रांबरोबर.

अन्ननलिकेतले तिचे यश निःसंशय होते. मानाबू मुतो आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या, अनेक रुग्णालयांत मिळून केलेल्या चाचणीत ३२० रुग्णांची दोन्ही प्रकारच्या उजेडांत तपासणी झाली. अन्ननलिकेतले वरवरचे कर्करोग पांढऱ्या उजेडात ५५ टक्के ओळखू आले, तर अरुंद पट्ट्यांत ९७ टक्के, आणि घशाच्या बाबतीत हा फरक याहून कितीतरी मोठा होता. मोठ्या आतड्यात मात्र अशी झेप दिसली नाही. अमेरिकेतील डग्लस रेक्स यांच्या २००७ मधील अभ्यासात, कुशल हाताने आणि पुरेसा वेळ देऊन केलेल्या तपासणीत, नव्या उजेडाने गाठी अधिक सापडल्या नाहीत. या निष्कर्षाने निराश होण्याचे कारण नाही. मोठ्या आतड्यात गाठ चुकते ती बहुधा सुरकुतीमागे लपल्यामुळे किंवा मळाखाली झाकल्यामुळे, रंग न ओळखल्यामुळे नव्हे. आणि जी गोष्ट कॅमेऱ्यासमोर आलीच नाही ती कोणत्याही उजेडात दिसणार नाही. सापडलेली गाठ निरुपद्रवी की धोक्याची हे ठरवण्यात मात्र हा उजेड खरोखर कामी आला.

याच काळात दुसरा एक मार्गही आखला गेला, जो शुद्ध गणिताचा होता. चिबा विद्यापीठातील योइची मियाके यांनी असे दाखवले की अस्तराचे रंग कितीही विविध भासले तरी ते थोड्याच मूळ घटकांच्या मिश्रणातून येतात, म्हणून पांढऱ्या उजेडात घेतलेल्या चित्राच्या लाल, हिरव्या, निळ्या आकड्यांवरून मूळ प्रकाशाच्या सर्व तरंगलांबींचा अंदाज बांधता येतो आणि त्यांतल्या हव्या त्या तीन निवडून नवे चित्र रचता येते. फुजिनॉन कंपनीने २००५ मध्ये फाइस या नावाने ही पद्धत आणली. पुढे पेंटॅक्सने आय-स्कॅन नावाने कडा, उजेड-अंधारातला विरोध आणि रंगछटा यांवर वेगवेगळी प्रक्रिया करणारी पद्धत दिली. गाळणी लागत नसल्याने उजेड कमी होत नाही आणि पर्याय अनेक मिळतात, हा या मार्गाचा मोठा गुण. पण अंदाज हा अंदाजच असतो, आणि प्रत्यक्ष अरुंद उजेडात पडलेल्या केशवाहिनीच्या सावलीची जागा तो पूर्णपणे घेऊ शकत नाही. फुजिनॉनची मूळ कंपनी असलेल्या फुजिफिल्मनेच २०१२ मध्ये ४१० आणि ४५० नॅनोमीटरच्या लेसर दिव्यांची यंत्रणा आणली, म्हणजे गणिताच्या वाटेने गेलेली कंपनीही पुन्हा उजेडाच्या निवडीकडे वळली, ही घटना या इतिहासात अतिशय बोलकी आहे.

नवे चित्र मिळाले तरी ते वाचावे कसे हे शिकावे लागले. शिन-एई कुदो यांनी १९९० च्या दशकात, रंग फवारून आणि चित्र मोठे करून, मोठ्या आतड्याच्या अस्तरावरील ग्रंथींच्या तोंडांचे आकार वर्गवार लावले होते. गोल तोंडे निरोगी, तारकांसारखी तोंडे साध्या वाढीची, नळीसारखी लांब तोंडे कर्करोगाकडे जाऊ शकणाऱ्या गाठीची, आणि आकारच हरवलेली तोंडे प्रत्यक्ष कर्करोगाची. हारुहिरो इनोउए यांनी अन्ननलिकेतील केशवाहिन्यांच्या फासांचे असेच वर्गीकरण केले, आणि नंतर अनेक देशांतील तज्ज्ञांनी मिळून रंग, वाहिन्या आणि पृष्ठभागाची नक्षी या तीनच खुणांवर आधारलेली सोपी पद्धत ठरवली, जेणेकरून मोठे करणारी महागडी दुर्बीण नसलेल्या वैद्यालाही ती वापरता यावी. या सर्व नक्षींचा अर्थ शेवटी ठरला तो कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या ऊतीवरून. चित्राला प्रामाण्य मिळाले ते तुकड्याने, म्हणजे बायोप्सीने.

खानदेशात ही विद्या उतरली तेव्हा तिच्यासमोर जपानहून वेगळे शरीर आणि वेगळा भूगोल होता. शिंदखेडा तालुका बुराई आणि पांझरेच्या पाण्यावरचा, उत्तरेला तापीने आखलेला. सुरत–भुसावळ या तापी खोऱ्याच्या लोहमार्गावर शिंदखेडा, नरडाणा आणि दोंडाईचा ही स्थानके आहेत, आणि म्हणून कित्येक दशके इथल्या रुग्णाची मोठ्या दवाखान्याची वाट धुळ्याइतकीच सुरतेकडे जात आली, कारण जिल्ह्याच्या ठिकाणी बसने जावे लागे आणि सुरतेला रेल्वे थेट नेई. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले ते १९८० च्या दशकाच्या अखेरीस, म्हणजे चकतीची दुर्बीण जगात येऊन काही वर्षे झाल्यावर. जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळायला २०१८ साल उजाडले. राज्य शासनाने २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू केली त्यांत धुळे होते, आणि पुढे महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चालू राहिलेल्या या योजनेने गंभीर आजारांच्या उपचारांचा भार रेशनकार्डधारक कुटुंबांवरून काही अंशी उतरवला. तपासणीपर्यंत पोहोचण्याच्या खर्चात मात्र मजुरीचा बुडालेला दिवस, बरोबरच्या माणसाचे भाडे आणि रिकाम्या पोटी केलेला प्रवास हे सगळे येते, आणि ते कोणत्याही योजनेच्या यादीत सहजासहजी बसत नाही.

इथल्या पोटांचे आजारही वेगळे आहेत. तंबाखू, चुना आणि मिश्री यांनी घासल्या गेलेल्या तोंडांच्या या प्रदेशात घसा आणि अन्ननलिका यांकडे लक्ष द्यावे लागते, आणि नेमके तिथेच अरुंद पट्ट्याचा उजेड सर्वांत जास्त उपयोगी पडतो. दुर्बीण आत जाताना घशाच्या कोपऱ्यांवरून थोडे थांबून, बटण दाबून पाहिले तर जो डाग एरवी गिळता येईनासे झाल्यावरच कळला असता तो आधी कळू शकतो. लहान आणि मोठे आतडे जिथे जुळतात त्या भागातील व्रणांचे मात्र असे नाही. भारतात तिथे क्षयरोगही होतो आणि क्रोन नावाचा दाहही होतो, दोहोंचे व्रण एकमेकांसारखे दिसतात, आणि एकावरचे औषध दुसऱ्याला घातक ठरू शकते. कितीही निवडलेला उजेड किंवा कितीही कसलेले गणित इथे एकटे निवाडा देऊ शकत नाही, तुकडा काढून तपासावाच लागतो. पोटदुखी आणि रक्ताच्या उलटीसाठी होणाऱ्या बहुसंख्य तपासण्यांमध्ये, म्हणजे साधा व्रण किंवा यकृताच्या आजाराने फुगलेल्या शिरा शोधताना, पांढरा उजेड पुरेसा असतो हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. खानदेशाला आज सर्वाधिक गरज आहे ती तपासणीआधी फेस विरवणारे औषध पाण्यातून देऊन अस्तर धुण्याची, आतडे नीट साफ करून घेण्याची, दुर्बीण बाहेर काढताना घाई न करण्याची आणि दोन रुग्णांच्या मधे ती निर्जंतुक करण्याची. न धुतलेल्या अस्तरावर वाढवलेले चित्र फक्त फेस आणि चिकट स्राव ठळक करून दाखवते.

अलीकडे या साखळीत आणखी एक दुवा जोडला गेला आहे. पडद्यावरील चित्र चालू असतानाच संगणक गाठींभोवती चौकट आखून दाखवतो, आणि अशा एका यंत्रणेला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०२१ मध्ये परवानगी दिली. या यंत्रणा चित्रे पाहून शिकलेल्या असतात. ज्या चित्रांवर त्या शिकल्या त्यांत आतड्याच्या क्षयाचे व्रण नसतील, तर तो व्रण त्यांच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो. धुळे आणि जळगाव येथील रुग्णालयांमध्ये रोज जी चित्रे पडद्यावरून सरकून जातात, ती नीट टिपून, तुकड्यांच्या निष्कर्षांशी जोडून जपली, तर या प्रदेशाच्या आजारांना ओळखणारी दृष्टी तयार होऊ शकेल. जपानी वैद्यांनी १९५० च्या दशकात फितींच्या साह्याने जे केले त्याहून हे काम वेगळे नाही.

सध्या त्या चित्रांचा पुरावा रुग्णाच्याच हाती असतो. दुर्बिणीच्या तपासणीचा अहवाल छापील कागदावर मिळतो, त्यावर अन्ननलिकेपासून लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंतची चार-सहा रंगीत चित्रे असतात, आणि बटण दाबले गेले असेल तर त्यांत एखादे हिरवट तपकिरी असते. शिंदखेड्याला परतणाऱ्या गाडीत तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत, जुन्या चिठ्ठ्या, रक्ताचे अहवाल आणि रेशनकार्डाची झेरॉक्स यांच्याबरोबर असतो, आणि पुढच्या डॉक्टरला दाखवेपर्यंत घरात फळीवर जपून ठेवला जातो.